स्पीच थेरपिस्टला आयईएलटीएसमध्ये ८ लागतात, यात चुकलं काय?

अनुनासिक
ब्रिटनमध्ये काम करायचं तर एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेकडे नोंदणी लागते. ज्यांना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते अशा फिजिओला किंवा रेडिओग्राफरला त्यासाठी आयईएलटीएस या परीक्षेत एकूण ७ पुरतात. स्पीच थेरपिस्टला मात्र ८ हवेत, आणि एकाही भागात साडेसातच्या खाली जाऊन चालत नाही. आमच्या बॅचच्या ग्रुपवर यावरून सारखी बोंबाबोंब असते. म्हणे भेदभाव, गोऱ्यांचा माज.

मला नियम बरोबर वाटतो. पक्षाघातानंतर ज्याचे शब्द गेलेत त्याच्यासमोर आपण बसतो. त्याच्या अर्धवट वाक्यातला टोमणा, लहानपणी पाठ केलेलं बडबडगीत, शिवीसुद्धा ओळखता यायला हवी. गुडघा कुठल्याही भाषेत वाकतो, आपलं तसं नाही.

आणि हे पटत असेल तर पुढचंही पटायला हवं. मराठीत वाढलेल्या थेरपिस्टची खरी ताकद मराठी पेशंटसमोरच लागते. २०११च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेले ५० लाखांवर आणि वाचादोष असलेले जवळपास २० लाख नोंदले गेलेत. वांद्र्याची अली यावर जंग ही श्रवण-वाचादोषांवरची संस्था १९८३पासून यातली माणसं घडवतेय. त्यातली हुशार मंडळी विमानतळाकडे का पळतात?

दूरदेशी
अनुनासिक, तुम्ही हॉस्पिटलच्या वॉर्डात शेवटचं कधी काम केलंत? मी इंग्लंडमध्ये वृद्धांच्या वॉर्डात आहे. माझा निम्म्याहून जास्त दिवस पेशंटच्या बोलण्यात नाही, गिळण्यात जातो; तेही स्पीच थेरपिस्टचंच काम. स्ट्रोकच्या पेशंटला पाणी द्यायचं का, द्यायचं तर किती घट्ट करून, अन्न किती बारीक वाटून. त्यासाठी आयडीडीएसआयची, म्हणजे अन्न-पेय किती घट्ट ते मोजायची, ० ते ७ अशी पातळ्यांची पट्टी आहे, ती जगभर एकच. चुकलं तर अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. घसासुद्धा कुठल्याही भाषेत ठसकतो.

दुसरं, लेस्टरसारख्या गावात गुजराती आजी असतात. आजारपणात इंग्रजी गळून पडतं आणि आतली गुजराती तेवढी उरते. माझे ८ गुण तिथे काय कामाचे? माझी मोडकीतोडकी गुजराती कामाला येते. तिचे गुण कोणी मोजत नाही.

टवाळ
म्हणजे ठसक्याला साडेपाच पुरतील असं ठरलं तर.

अनुनासिक
@दूरदेशी, गिळण्याचा मुद्दा मान्य. पण नोंदणी देताना 'ही फक्त गिळण्याचं बघेल' असं लिहून देत नाहीत. उद्या तुम्हाला शाळेत टाकलं, समोर चार वर्षांचं अडखळणारं पोर आलं, तर? आणि गुजराती आजींचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो! भाषा येणारा माणूस लागतो हेच तर मी म्हणतोय.

शाळामास्तरीण
अमेरिकेत सरकारी शाळांत थेरपिस्ट आहे, म्हणून लिहिते.

भाषा येणं आणि त्या भाषेत जन्मणं यात फरक आहे. मराठी घरातली मुलं 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' सारखंच म्हणतात, कारण आपल्याकडे दोन्हींसाठी एकच व. हा दोष नाही. पण फक्त इंग्रजी जाणणारी तज्ज्ञ चाचणीत तिथे फुली मारते. मूल मग वर्षभर वर्गातून उठून थेरपीला जातं. वर आईला सल्ला, घरी मराठी बंद करा! या सल्ल्याला शास्त्राचा काडीचा आधार नाही, तरी तो देतात. अशा मीटिंगमध्ये मी 'थांबा' म्हणू शकते, ते आयईएलटीएसमुळे नाही.

इकडची खरी अडचण वेगळीच आहे. भारतातली बीएएसएलपी ही पदवी चार वर्षांची, ऑडिओलॉजी आणि स्पीच एकत्र. इथे दोन्ही वेगळे पेशे आणि स्पीचला मास्टर्स हवं, म्हणजे बहुतेकींना कर्ज काढून पुन्हा शिकावं लागतं. मग आशा या इथल्या थेरपिस्टांच्या संघटनेचं प्रमाणपत्र हवं तर प्रॅक्सिस परीक्षा आणि किमान ३६ आठवडे, १,२६० तासांची फेलोशिप, म्हणजे देखरेखीखालचं काम. विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर कामाला मिळतात १२ महिने, कारण इंजिनिअरांना मिळते ती वाढीव मुदत आपल्या विषयाला नाही. बारातले नऊ फेलोशिपने खाल्ले. उरलेल्या तिनात एच-वन या नोकरीच्या व्हिसाचा अर्ज भरायला तयार असलेली शाळा शोधा. बऱ्याच शाळा 'व्हिसा' म्हटलं की फोन ठेवतात.

जिल्ह्याचा माणूस
चर्चा झकास चाललीय. आता विमानतळाकडे का पळतात ते सांगतो.

बालकांच्या तपासणी केंद्रात मी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होतो. ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे कान तपासायच्या, खोलीत जुन्या फायली रचलेल्या. केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांसाठीच्या योजनेत कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून बसवायच्या यंत्राला, मदत मिळते, चांगली योजना आहे. ऑपरेशन होतं, फोटो निघतो. मग मूल ऐकायला आणि बोलायला शिकेपर्यंत दोन-तीन वर्षं थेरपी हवी, तीही आठवड्यातून दोनदा. बापाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. पाचसहा खेपांनंतर येणं बंद. यंत्राचा बाहेरून लावायचा भाग कपाटात जातो.

हे रोज बघायचं आणि वर आमच्यावर मातृभाषेचं ऋण? माझ्यासारखा दुबईला गेला तर त्याला बोलू नका, अनुनासिक.

अनुनासिक
बोलणार. कारण तुम्ही गेलात तर त्या खोलीतल्या फायलीसुद्धा कोणी हलवणार नाही.

जिल्ह्याचा माणूस
मी होतो तेव्हा तरी कुठे हलल्या?

सांगलीकर बाबा
मी यातला कोणी नाही, एका सात वर्षांच्या मुलाचा बाप आहे. मुलगा बोलताना अडखळतो. परदेशी कोण जातं याची मला चिंता नाही, कारण इथे राहिलेलेही आम्हाला मिळत नाहीत. पुण्यातल्या एका चांगल्या बाई ऑनलाइन सेशन घेतात. शनिवार-रविवारच्या संध्याकाळच्या सगळ्या वेळा भरलेल्या, कारण तेव्हा अमेरिकेत सकाळ असते आणि तिकडच्या मराठी आईबापांना मराठीच थेरपिस्ट हवी असते. पैसेही ते जास्त देतात. आम्हाला मिळाली मंगळवारी सकाळी अकराची. तेव्हा शाळा.

शाळामास्तरीण
अमेरिकेत मूल ज्या राज्यात बसलंय तिथला परवाना लागतो, तो या बाईंकडे आहे का, हे त्या आईबापांनी विचारायला हवं. पण विचारत नाहीत, कारण इथे मराठी थेरपिस्ट सापडतच नाही.

अनुनासिक
@सांगलीकर बाबा, मी पुण्याचाच. शनिवारी संध्याकाळी सहाची एक वेळ माझ्याकडे मोकळी आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.
आठचा मुद्दा मी सोडलेला नाही.