बँकॉकमधला तुमचा फोटो कुठे उभं राहून काढलात?

धाकटा भाऊ पुढच्या महिन्यात बँकॉकला निघालाय. 'फोटोसाठी चांगल्या जागा सांग' म्हणाला, म्हणून यादी करायला बसले आणि तिसऱ्या नावाला थांबले. नावं त्याला कुठेही मिळतील. मला २०१९ साली वाट अरुण या देवळाचं नाव पाठ होतं, तरी फसलेच की!

टूर मॅनेजरने आम्हाला दुपारी साडेतीनला थेट देवळात सोडलं. चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेला तो मधला उंच मनोरा. त्याच्या पायथ्याशी उभं राहून फोटो काढला तर आभाळात घुसलेला एक उतार येतो, बस्स. उन्हात डोळे मिचकावणारी आमची पंचवीस माणसं त्यात वेगळी. जरा वेळाने छोट्या होडीने नदी ओलांडून समोर था तियेनच्या धक्क्यावर आलो, पाणी प्यायला थांबलो, आणि सहज मागे वळून पाहिलं. देऊळ पश्चिम काठावर, सूर्य त्याच्या मागे उतरत होता. मग दिवे लागले. अजून आभाळ निळं आणि मनोरा सोन्याचा, अशी जेमतेम वीस मिनिटं मिळाली. देवळाचं नाव पहाटेच्या अरुणाचं, पण फोटो संध्याकाळचा आणि तोही समोरच्या काठावरून! चिनीमातीची फुलं जवळून टिपायची असतील, तर मात्र सकाळी जा. ऊन पूर्वेकडून थेट अंगावर येतं.

तर सांगा. जागेचं नाव लिहाच, पण किती वाजता आणि कुठे उभे होतात, तेही लिहा.

* * *

दादरचा फूलबाजार पाहिलेल्या माणसाला पाक ख्लोङ तलात म्हणजे आजोळ! बाजार चोवीस तास चालतो, पण खरी घाई रात्री उशिरा आणि पहाटे. मी चारला पोचलो. मेट्रो तेव्हा सुरू नसते, टॅक्सी करावी लागली. दिवसा जाणाऱ्यांसाठी सनाम चाय स्टेशन जवळ पडतं.

झेंडू पारदर्शक पिशव्यांत ठासून भरलेला, पिशव्या माणसाच्या कमरेपर्यंत. पहिला तासभर माझे सगळे फोटो सारखेच येत होते, नुसतं पिवळं. मग एका बाईंसमोर बसलो. हातभर लांब सुईवर त्या मोगऱ्याच्या कळ्या ओवत होत्या, प्रत्येक कळी आधीच्या दोन कळ्यांच्या फटीत. सुई भरली की अख्खी माळ एका ओढीत दोऱ्यावर उतरायची. मी आधी एक माळ विकत घेतली, मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी मानेनेच हो म्हटलं, पण हात थांबवले नाहीत. चेहऱ्याचा एकही फोटो काढला नाही, फक्त बोटं. त्या सहलीतला तोच एक फोटो घरात भिंतीवर आहे.

* * *

वरच्या दादांना पहाटे काच धुकटली नाही का? मी हॉटेलात एसी अठरावर ठेवून झोपले, कॅमेरा घेऊन बाहेर पडले आणि लेन्सवर हे एवढं दव! थंड काचेला बाहेरची दमट हवा लागली की पाणी धरतंच. पुसून उपयोग नाही, परत येतं. आता कॅमेरा घट्ट बंद पिशवीत घालून बाहेर नेते आणि अर्धा तास पिशवी उघडत नाही.

* * *

तलात नोई. चुकून सापडलं. याओवारातला, म्हणजे बँकॉकच्या चायनाटाउनला निघालो होतो, गल्ली चुकलो आणि एकदम जुन्या इंजिनांचे ढिगारेच समोर! कुर्ल्याला गाड्यांचे सुटे भाग आणायला गेलेल्याला तो तेलाचा वास लगेच कळेल. भिंती काळ्या, जमीन काळी, आणि मधोमध चिनी देवळाचा लाल दरवाजा. तिथे एक गंजकी छोटी फियाट आहे, तिच्यासमोर लोक रांग लावतात. मी रांग सोडून उलट्या बाजूला वळलो. इंजिनांच्या ढिगावर एक मांजर झोपलं होतं. जवळच सो हेङ ताय नावाचा दोनशे वर्षांहून जुना चिनी वाडा आहे. त्याच्या अंगणात स्कूबा डायव्हिंग शिकवायचा तलाव आहे (मी थट्टा करत नाहीये). खाली काहीतरी थंड प्यायला घ्या आणि वरच्या मजल्यावरून अंगण टिपा.

याओवारातला त्यानंतर पोचलो तेव्हा पाऊस आला. मी चिडलो होतो. पण रस्ता ओला झाला आणि निऑनच्या सगळ्या चिनी पाट्या पायाखाली उलट्या उमटल्या. छत्री एका हातात, मोबाइल दुसऱ्यात. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी हळहळू नये.

* * *

माझ्याकडे फक्त मोबाइल, बरोबर सासूबाई. वाट साकेतच्या सोनेरी टेकडीला ३४४ पायऱ्या आहेत हे त्यांना मी सांगितलंच नाही. चढण गोल गोल आणि सोपी, वाटेत घंटा. त्या प्रत्येक घंटा वाजवत माझ्या आधी वर पोचल्या! वरून लोहप्रासाद या बौद्ध वास्तूची ३७ टोकदार शिखरं एका नजरेत येतात, खाली रस्त्यावरून तेवढी येत नाहीत. पाचनंतर जा, दुपारी वर डोकं भाजतं.

* * *

मी जागा नाही, फजिती सांगतो. राजवाड्याच्या वाटेवर टापटीप कपड्यातला एक गृहस्थ भेटला. 'आज बंद आहे, चला, फोटोसाठी फार छान ठिकाण दाखवतो.' टुकटुकमध्ये बसलो. ठिकाण निघालं शिंप्याचं दुकान. राजवाडा अर्थात उघडा होता. दारापर्यंत स्वतः जा आणि स्वतः बघा. आणि आत पाचूच्या बुद्धाच्या मुख्य देवळात फोटो काढता येत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

* * *

सिलोमच्या मारिअम्मन देवळातही फोटोला मनाई आहे. बाहेरच्या रस्त्यावरून मात्र गोपुर आणि पिवळ्या माळांच्या टपऱ्या एकत्र येतात.

* * *

माझी जागा लुंफिनी बाग, तळ्याचा काठ, संध्याकाळी पावणेसहा. मी आले होते घोरपडींसाठी. चांगल्या पुरुषभर लांब, तळ्यात मगरीसारख्या पोहतात. (थाई भाषेत त्यांचं नाव शिवी म्हणून वापरतात, त्यामुळे तिथे मोठ्याने विचारू नका!) एक काठावर चढत होती. मी गवतात पोटावर झोपून नेम धरला, मागे धावणाऱ्यांची रांग धूसर. सहा वाजले आणि भोंग्यातून राष्ट्रगीत सुरू झालं. धावणारे जागच्या जागी थांबले. घाम टपकतोय, पण हालचाल नाही. मीही उठून उभी राहिले, कॅमेरा गळ्यात लोंबत. सगळी बाग थिजलेली आणि घोरपड एकटी सावकाश त्या सगळ्यांच्या पायांमधून रस्ता ओलांडून गेली.

फोटो नाही.