मदत हवी आहे: लेकीच्या सामन्यात बाहेरून काय बोलावं?

नमस्कार मंडळी. माझी 12 वर्षांची लेक कबड्डी खेळते. चढाईला जेमतेम 30 सेकंद, त्यात दम टिकवायचा, आणि मी रेषेबाहेरून ओरडत होतो, "बोनस घे, बोनस!" तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, तेवढ्यात कोपऱ्यातल्या मुलीने घोटा धरला. समोर पाचच जणी होत्या. सहा असल्याशिवाय बोनस मिळतच नाही. चूक माझीच.

गाडीवर ती गप्प. घरी उतरताना म्हणाली, "बाबा, पुढच्या मॅचला नको ना येऊस."

मला जायचंय हो. सूचना प्रशिक्षकांनीच द्याव्यात, हे पटलंय. पण सामना चालू असताना तुम्ही नेमकं काय बोलता? नुसत्या टाळ्या? आणि हरल्यावर विषय लगेच काढता, की तिने काढेपर्यंत थांबता?