शब्दचर्चा : हुजुरात, गारदी, अंगरक्षक आणि इमान

प्रश्न

एका काल्पनिक साम्राज्यावर दीर्घकथा लिहिते आहे. सम्राटाच्या रक्षणाला दोन दले आहेत. पहिले परमुलखातून आणलेल्या मुलांचे. लहानपणी विकत घेतलेली, वाड्यातच वाढलेली, सम्राटाखेरीज कुणाला न ओळखणारी. दुसरे दल राजधानीतल्या सरदारघराण्यांतल्या तरुणांचे. त्यांची शपथ सिंहासनाची आहे. सम्राट थोरल्या मुलाला डावलून धाकट्याला वारस नेमतो आणि ही दोन दले एकमेकांसमोर उभी ठाकतात. दोघांनाही वाटते की इमानी आपणच.

मसुद्यात मी दोन्ही दलांना ‘अंगरक्षक’ म्हटले होते, पण मग कोण कुणाकडचा हेच वाचणाऱ्याला कळत नाही. ‘इम्पीरियल गार्ड’ वगैरे नको आहे. ‘हुजुरात’ चालेल का? की ‘गारदी’? आणि शेवटी जे घडते त्याला काय म्हणावे : फितुरी, बंड की गद्दारी?

प्रतिसाद

‘हुजुरात’ तुमच्या दुसऱ्या दलाला शोभेल. हुजूर म्हणजे मूळ अरबीत उपस्थिती, समक्षता. त्यावरून खुद्द धनी, आणि धन्याची स्वतःची फौज ती हुजुरात. सरदारांच्या फौजा वेगळ्या, हुजुरात वेगळी. पानिपतावर सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव मध्यभागी हुजुरातीतच होते. शब्द स्त्रीलिंगी आहे : हुजुरात निघाली, हुजुरातीचे राऊत, हुजुरातीत नाव लागले. आजकाल ऐतिहासिक म्हणवणाऱ्या लेखनात ‘हुजुरात आला’ असे वाचायला मिळते. ते कानाला फार खटकते.

एक गोष्ट मात्र आधी ठरवा. तुमच्या माणसांचा घोडा कुणाचा आहे? हा प्रश्न किरकोळ नाही. आपल्याकडे सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे घेऊन येणारा तो शिलेदार. बारगिराला काढून टाकले की तो पायउतार होतो. शिलेदार रागावला तर घोड्यासकट निघून जातो आणि दुसऱ्याची चाकरी धरतो. म्हणजे कोण किती बांधलेला आहे, हे आपल्या जुन्या शब्दांत आधीच सांगून ठेवलेले आहे. तुमची परकी मुले बारगीर आहेत. सरदारपुत्र हुजुरातीत असले तरी वृत्तीने शिलेदार. एवढे वाचकाला एकदा कळले की वारसाचा प्रश्न निघाल्यावर कोण कुठे जाईल ते त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

प्रतिसाद

वरच्या विवेचनाशी सहमत, पण ‘हुजुरात’ला एक अडचण आहे. आजच्या वाचकाला त्याच्या शेजारचा ‘हुजऱ्या’ आधी आठवतो. हुजऱ्या म्हणजे धन्याच्या तैनातीतला खासगी नोकर. त्यात कमीपणा नव्हता. पण ‘हुजरेगिरी’ हा शब्द वर्तमानपत्रांनी लाळघोटेपणासाठी इतका वापरला आहे की त्याची छाया हुजुरातीवरही पडते. कथेच्या पहिल्या प्रकरणातच हुजुरातीचा दरारा दाखवणारा एखादा प्रसंग असू द्या, म्हणजे ही छाया पुसली जाईल.

‘गारदी’ कृपा करून परक्या मुलांसाठी वापरू नका. तो शब्द मराठी वाचकाला थेट शनिवारवाड्यात नेतो. ३० ऑगस्ट १७७३. नारायणराव पेशव्यांचा खून ज्यांनी केला ते वाड्याच्या पहाऱ्यावरचेच गारदी होते. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. ‘काका, मला वाचवा’ हे तर शाळकरी मुलालाही माहीत असते. एवढे ओझे असलेला शब्द काल्पनिक साम्राज्यात नेला, तर वाचक पहिल्या ओळीपासून खुनाची वाट पाहत बसेल.

प्रतिसाद

गारद्यांवर होणारा हा अन्याय मला नेहमी सलतो, म्हणून सविस्तर लिहितो.

‘गारदी’ हा शब्द युरोपीय ‘गार्ड’वरूनच आला. कवायत शिकलेले, बंदूक चालवणारे पायदळ ते गारदी. फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान आधी निजामाकडे होता, मग भाऊंकडे आला. पानिपतची लढाई पाहिलेल्या काशीराजाच्या वृत्तांतात त्याचा एक प्रसंग आहे. लढाईच्या सकाळी तो भाऊंना म्हणाला की, माझ्या लोकांच्या दरमहा पगारासाठी मी अडून बसायचो याचा तुम्हाला राग यायचा. तो पैसा वाया गेला नाही हे आज दिसेल. आणि ते दिसले. १४ जानेवारी १७६१ला त्याचे लोक मरेपर्यंत लढले. समोर स्वधर्मीयांचीच फौज होती, तरी तो हलला नाही. जखमी होऊन पकडला गेला आणि कैदेत मारला गेला.

बारा वर्षांनी शनिवारवाड्यात तसल्याच गारद्यांची पगाराची तक्रार होती. थकलेला पगार, वरून पैशाचे आमिष, आणि वाड्यातच नजरकैदेत असलेले नारायणरावांचे चुलते रघुनाथराव. पगार चोख मिळाला तेव्हा गारदी पानिपतावर मेला. पगार थकला तेव्हा त्याने धन्यावर तलवार चालवली. या शब्दात इमान किंवा बेइमानी मुळातच नाही. त्यात आहे रोख व्यवहार. तुमच्या कथेत भाडोत्री कवायती फौजेची तिसरी तुकडी असती तर मी ‘गारदी’च सुचवला असता. विकत घेऊन लेकरासारखी वाढवलेली मुले मात्र गारदी नव्हेत, या निष्कर्षाशी सहमत. फक्त कारण वेगळे.

त्या दिवसाचा आणखी एक तपशील तुमच्या विषयाच्या अगदी गाभ्यातला आहे. नारायणराव चुलत्याच्या कमरेला मिठी मारून बसले होते. त्यांना ओढून काढणारा तुळाजी पवार हा रघुनाथरावांचा नोकर. आणि त्यांच्या अंगावर स्वतःला झोकून देऊन त्यांच्याबरोबर तुटून मेलेला चापाजी टिळेकर हा नारायणरावांचा खिदमतगार. एकाच खोलीत दोन चाकर, दोघेही आपापल्या धन्याच्या मिठाला जागत होते. तुळाजीला ‘बेइमान’ म्हणायचे तर कुणाशी? त्याच्या धन्याशी तर तो इमानीच होता. तुम्हाला जे लिहायचे आहे ते हेच आहे, असे मला वाटते. त्याला ‘फितुरी’ हा शब्द पुरत नाही.

प्रश्नकर्ती

चापाजी टिळेकरांचे नाव मला ठाऊक नव्हते. मनापासून आभार. मग ‘फितुरी’ बाद का?

प्रतिसाद

कारण फितूर व्हायला फितवणारा लागतो. बाहेरचा कुणी येतो, कानाला लागतो, लालूच दाखवतो आणि आतला माणूस गुपचूप त्याचा होतो. ही जी लपवाछपवी आहे ती शब्दातून जात नाही. ‘साक्षीदार फितूर झाला’ हे आजही कोर्टाच्या बातम्यांत जिवंत आहे. ‘बंड’ उघड असते, पण खालच्याने वरच्याविरुद्ध केलेले. तुमच्या दोन्ही दलांचा दर्जा सारखाच, म्हणजे तेही नाही. ‘गद्दारी’ मी टाळीन. २०२२ पासूनच्या राजकीय सभांनी तो शब्द इतका घासला आहे की कथेत आला की माईक ऐकू येतो.

जुन्या कागदांत ‘हरामखोरी’ हा शब्द राजद्रोहाच्या गंभीर आरोपासाठी येतो. निमकहरामाचाच भाऊ तो. आज त्याची नुसती शिवी झाली आहे, म्हणून निवेदनात चालणार नाही. मात्र एखाद्या वृद्ध सेनापतीच्या तोंडी, तोलून मापून, एकदाच आला तर अंगावर काटा येईल.

घटनेला ‘दुफळी’ म्हणा. दुफळीत दोष कुणाचा हे शब्द सांगत नाही. ते वाचकाने ठरवायचे.

प्रतिसाद

‘अंगरक्षक’ शब्दाबद्दल थोडे. पहिल्या दलाला तोच ठेवावा असे अनेकांना वाटेल, कारण त्यात ‘अंग’ आहे. पण आपल्या राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाचेच बघा. वॉरन हेस्टिंग्जने ते बनारसला उभे केले ते १७७३मध्येच, म्हणजे नारायणरावांच्या खुनाच्याच वर्षी. गव्हर्नर जनरल गेले, व्हाइसरॉय गेले, राष्ट्रपती आले. दल तसेच आहे. म्हणजे शब्दात अंग असले तरी ते दल आज पदाचे आहे. ज्यांची निष्ठा एका जिवंत माणसाशीच आहे त्यांना हा शब्द कमी पडतो. मी ‘खासे’ किंवा ‘खासबारदार’ म्हणेन. खासबारदार हे धन्याच्या तैनातीतले बंदूकधारी. बंदुका नसतील तर नुसते ‘खाशांचे लोक’. ‘खासा’ म्हणजे धनी स्वतः, जातीने. त्यामुळे त्यांचा धनी कोण हे वेगळे सांगावे लागत नाही.

परक्या रक्षकांबद्दल दोन दाखले उपयोगी पडतील. रोममध्ये २४ जानेवारी ४१ रोजी सम्राट कॅलिगुलाचा खून झाला. कट करणाऱ्यांत प्रेटोरियन दलाचा अधिकारी कॅशियस किरिया पुढे होता. प्रेटोरियन म्हणजे सम्राटाचे अधिकृत रक्षक, तुमच्या हुजुरातीसारखे. सम्राटाजवळ जर्मन टोळ्यांतले वेगळे अंगरक्षकही होते. ते रागाने पिसाळले. तलवारी उपसून सुटले आणि कटाशी काही संबंध नसलेल्यांनाही त्यांनी कापले. तिकडे प्रेटोरियनांनी पडद्यामागे लपलेल्या क्लॉडियसला शोधून छावणीत नेले आणि सम्राट केले. क्लॉडियसने त्यांना माणशी १५,००० सेस्टर्स कबूल केले. एकीकडे मेलेल्या धन्यासाठी वेडे झालेले परके, दुसरीकडे नवा धनी शोधणारे घरचे.

दुसरा दाखला कॉन्स्टँटिनोपलचा, १०८१ सालचा. बायझंटाइन सेनापती अलेक्सियस कोम्नेनोस गादी घ्यायला शहराबाहेर येऊन ठेपला. तटाच्या एका भागावर उत्तरेकडून आलेले वारांगियन रक्षक होते. त्याला सल्ला मिळाला की त्यांच्या वाटेला जाऊ नका. सम्राटाचे रक्षण हा त्यांच्याकडे बापाकडून मुलाकडे आलेला वसा आहे, ते विकले जाणार नाहीत. मग त्याच्या माणसांनी तटावरच्या जर्मन तुकडीशी संधान बांधले आणि तिथून आत शिरकाव झाला. हे त्याच्याच मुलीने, अ‍ॅना कोम्नेनेने लिहून ठेवले आहे. म्हणजे दोन्ही परकेच, पण एक अढळ आणि एक फितूर. ही जर्मन तुकडी खरी ‘फितूर’, वर दिलेल्या अर्थाने. परकेपणावरून इमान ठरत नाही, एवढे कथेत सांभाळा.

प्रश्नकर्ती

दोन दलांची नावे मिळाली : ‘खासे लोक’ आणि ‘हुजुरात’. हुजुरातीची शपथ मात्र अजून जमत नाही. ‘आम्ही सिंहासनाशी एकनिष्ठ आहोत’ हे पक्षाच्या पत्रकासारखे वाटते.

प्रतिसाद

वाटणारच. ‘सिंहासन’ बाजूला ठेवा आणि ‘गादी’ घ्या. मराठीत गादीला माणसाहून वेगळे अस्तित्व आहे. नारायणरावांच्या खुनानंतर बारभाईंनी, म्हणजे एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, त्यांच्या विधवा गंगाबाईंच्या पोटातल्या बाळाच्या नावाने कारभार धरला. गादीवर बसायला माणूसच नव्हता, तरी गादी होती आणि तिच्यासाठी माणसे लढायला तयार होती. ते बाळ, सवाई माधवराव, पुरंदरवर जन्मले ते एप्रिल १७७४मध्ये. तुमच्या सरदारपुत्रांचे म्हणणे नेमके हेच आहे : सम्राट येतील-जातील, गादी राहील.

विभक्तीकडेही लक्ष द्या. निष्ठा ‘वर’ किंवा ‘ठायी’ असते. एकनिष्ठ आणि इमान ‘शी’ घेतात : राजावर निष्ठा, राजाशी एकनिष्ठ, गादीशी इमान. मीठ मात्र नेहमी ‘ला’ : खाल्ल्या मिठाला जागणे. ‘मिठाशी इमानदार’ हे मराठी नव्हे. शिवाय मीठ खाल्लेले असावे लागते. खाशांनी सम्राटाच्या हातचे खाल्ले आहे, म्हणून ‘मिठाला जागू’ हे वाक्य त्यांचे. हुजुरातीची मुले आपापल्या घरी जेवून पहाऱ्यावर येतात. त्यांच्या तोंडी मीठ घालू नका. त्यांच्या हाती शपथेचा बेलभंडार द्या, किंवा तुमच्या साम्राज्यात बेलाच्या जागी जे पान असेल ते, आणि त्यांना ‘गादीशी इमान राखू’ एवढेच म्हणू द्या. ‘राखू’ महत्त्वाचे. इमान देतात, राखतात, सोडतात. ‘इमान करतात’ असे कुणी म्हणत नाही.

प्रतिसाद

‘राखू’ला अनुमोदन. आणि दुफळीच्या दिवशी खाशांचा नायक हुजुरातीच्या नायकाला काय हाक मारेल हेही ठरवा. बरोबरीचे आहेत, तेव्हा रोज ‘अहो-जाहो’च असेल. तलवार उपसताना तो ‘तू’वर आला तर संताप वाढलेला दिसेल. पण शेवटपर्यंत ‘तुम्ही बाजूला व्हा’ असेच म्हणत राहिला, तर दोघांनी किती वर्षे एका दारावर पहारा केला आहे ते त्या ‘तुम्ही’तूनच कळेल. मी दुसरे निवडीन.