जळक्या मोटरी, आहेराचे ब्लाउज पीस आणि चंगळवाद

मांजराकाठ (लातूर)
परवा कामानिमित्त संभाजीनगरला गेलो होतो. एका हॉलमध्ये बीडकडच्या एका तरुण कलाकाराचं प्रदर्शन लागलं होतं. उन्हाचा तडाखा चुकवायला आत शिरलो आणि तासभर तिथंच अडकलो. रंगवलेलं एकही चित्र नाही, सगळा माल लोकांनी टाकून दिलेला. मधोमध बोअरमधल्या जळालेल्या सबमर्सिबल मोटरी ओळीनं निजवलेल्या. प्रत्येकीच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी. एकीवर लिहिलं होतं, '६८० फूट. फुफाटा.' बाकी एक अक्षर नाही.

एका भिंतीवर आहेरात आलेले ब्लाउज पीस एकमेकांना टाचलेले. एकालाही कात्री लागलेली नाही. हे बघून हसूच आलं. आमच्या हिनं एका लग्नात दिलेला पीस तीन वर्षांनी दुसऱ्याच लग्नात तिच्या ओटीत परत आला होता. कोपऱ्यावरची शाईची खूण तिचीच.

आणि निळे ड्रम. हे पुणेकरांना कळायचं नाही. २०१६च्या उन्हाळ्यात आमच्याकडं पाणवठ्यांवर १४४ कलम लागलं होतं, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या दिवसांत आम्ही दिसेल तो ड्रम घेतला, मिळेल ती टाकी घेतली. पाऊस झाला आणि ते सगळं गच्चीवर उन्हानं तडकून गेलं.

चंगळवाद म्हटलं की आपण पुण्या-मुंबईच्या मॉलकडं बोट दाखवतो. तो आपल्या माळ्यावर आणि शेतातल्या आखाड्यावरही येऊन बसलाय, हे या पोरानं दाखवलं असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?

गोदाकाठ (नांदेड)
मला राग आला वाचून. ज्याचा ऊस डोळ्यादेखत वाळतोय तो माणूस उसनवारी करून मोटर सोडतो, ती जळते, दुसरी सोडतो. ही चंगळ? तहानेला ड्रम घेतला ती चंगळ? शब्द तरी जपून वापरा. प्रदर्शनाला येणारे एसीत उभे राहून शेतकऱ्याच्या मोटरीकडं बघून हळहळणार, बाहेर पडून नवा मोबाइल घेणार. कुणाला काय प्रश्न विचारला मग?

चित्रवेडा (संभाजीनगर)
गोदाकाठ, राग समजतो, पण टाकाऊ वस्तू मांडणं म्हणजे फक्त हळहळ नव्हे. चंडीगडच्या नेकचंदचं घ्या. सरकारी रस्ते खात्यातला साधा माणूस. नवं शहर वसवायला जी गावं पाडली त्यांच्या राडारोड्यातून फुटक्या बांगड्या, फरशा, संडासाची भांडी गोळा करून त्यानं चोरून बाग उभारली. १९७६ला ती लोकांना खुली झाली. एका बाजूला सरळ रेषांचं आधुनिक शहर, दुसऱ्या बाजूला त्याच शहरानं फेकलेल्या तुकड्यांची माणसं नि जनावरं. याहून मोठा प्रश्न भाषणात विचारता येईल का? चित्रकार विवान सुंदरम यांनी तर दिल्लीत कचऱ्याचं अख्खं शहर मांडून त्याचे फोटो केले. (फ्रेंच कलाकार द्यूशाँनं १९१७ मध्ये मुतारीचं भांडं प्रदर्शनाला पाठवलं होतं, ते मुद्दाम सांगत नाही. ते ऐकलं की इथं धागा भरकटतो.)

गोदाकाठ (नांदेड)
भरकटवलात की. नेकचंद स्वतः राबला, वीस वर्षं हाताला घट्टे पाडून. हा कलाकार मोटरी कुठून आणतो? विकत? मग तोही गिऱ्हाईकच.

आखाड्यावरून (परभणी)
आमच्याकडं काही टाकतच न्हाईत हो. फाटक्या लुगड्याची वाकळ, वाकळ फाटली की बैलाच्या अंगावर, मग पायपुसणं. शहरवाल्यांचा प्रश्न आहे हा.

भंगारवाल्याची लेक (जालना)
बऱ्याच दिवसांनी माझ्या विषयाचा धागा दिसला. वडिलांचं दुकान आता मीच बघते.

पहिली गोष्ट, आमच्याकडं 'टाकाऊ' नावाचा ढीगच नसतो. तांबं वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं, बीड वेगळं (हे ओतीव लोखंडाचं नाव, जिल्ह्याचं नव्हे), पत्रा वेगळा, काळं प्लास्टिक वेगळं, पांढरं वेगळं. जालन्याच्या भट्ट्या या भंगारावर पेटतात. तुमच्या नव्या स्लॅबमधली सळई कुणाच्या तरी जुन्या कपाटाची असू शकते. तेव्हा कलाकार 'फेकलेल्याला नवा जन्म दिला' म्हणायला लागला की मला जांभई येते. तो धंदा आम्ही रोज करतो, किलोवर.

दुसरी गोष्ट, कचरा निवडणारा हात. २०१८ साली कचरा डेपोजवळच्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा संभाजीनगरच्या गल्ल्या नाक दाबून चालाव्या लागत होत्या. कचरा तिकडं नेला तर मिटमिट्याला दगडफेक झाली. तेव्हा सगळ्यांना कचरा दिसला, त्याच्यात उभं राहून वेचणारी बाई तेव्हाही नाही दिसली. ब्राझीलमध्ये विक मुनीझ या कलाकारानं रिओच्या कचरा डेपोवर वेचणाऱ्या माणसांचेच चेहरे कचऱ्यातून मांडले, त्यांनाच हाताशी घेऊन. एक चित्र लंडनमध्ये लिलावात विकलं, तो पैसा त्यांच्या संघटनेला दिला. या प्रदर्शनात मोटरींवर फूट लिहिलेत. त्या गोळा कुणी केल्या, ते लिहिलंय का? नसेल तर माझी तक्रार तेवढीच.

पण ब्लाउज पीसच्या भिंतीबद्दल ऐकून मी थबकले. तीस वर्षांच्या धंद्यात आमच्या काट्यावर नाही नाही ते सगळं आलं. पाळणा आला, देवाची समई आली, तिरडीचे बांबू बांधलेली तारसुद्धा आली. आहेराचा कोरा पीस कधीच आला नाही. टॉवेल-टोपी नाही. बोहारणीलाही लोक वापरलेलं देतात, कोरं देत नाहीत. तो माल घडी न मोडता या घरातून त्या घरात फिरत राहतो. वापरायचा नाही, टाकायचाही नाही, तरी दरवर्षी बस्त्यात नवा घ्यायचा. मला विचाराल तर चंगळ भंगारात सापडत नाही, कपाटात सापडते. मोटर जळेपर्यंत राबली बिचारी.

मांजराकाठ (लातूर)
मोटर आणि ड्रमला तो शब्द लावला ही चूक, गोदाकाठ. मागं घेतो. गरज आणि हौस मी एकाच गाठोड्यात बांधली, कलाकारानंही बांधलीय असं आता वाटतं. पीसबद्दल मात्र ठाम आहे. काल घरी कपाट उघडून मोजले. आकडा सांगत नाही, ही धागा वाचते.

गोळा करणाऱ्यांची नावं तिथं नव्हती. आता आठवून बघितलं, खरंच नव्हती.

गोदाकाठ (नांदेड)
शब्द मागं घेतला, विषय संपला. पण पीस बंद करायचे तर आधी पाहुण्यांची तोंडं कोण बंद करणार? पोरीच्या लग्नात नुसती ओटी भरली तर दहा वर्षं ऐकावं लागतं. कलाकारानं ते टाचून दाखवावं भिंतीवर.

आखाड्यावरून (परभणी)
आमच्या आखाड्यावर दोन जळक्या मोटरी पडल्यात. तो कलाकार नगावर घेतो का किलोवर?

भंगारवाल्याची लेक (जालना)
दादा, कुणालाही द्या, पण आधी वाइंडिंगचं तांबं काढून घ्या.