मदत हवी आहे: आडनाव ड्रमंड, पण मूळ मॅकग्रेगर म्हणे. कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी. लग्नानंतर मी ग्लासगोत स्थायिक झाले, सासरचं आडनाव ड्रमंड. उन्हाळ्यात भाच्याचं लग्न आहे आणि नणंदबाईंनी फर्मान काढलंय की घरच्या सगळ्या पुरुषांनी मॅकग्रेगर टार्टनचा (कुळाच्या ठरलेल्या चौकटीच्या कापडाचा) किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषी घागरा, घालायचा, कारण 'आपण मूळचे मॅकग्रेगरच'. नवऱ्याच्या मते ही शुद्ध भाकडकथा आहे. दोघांच्या भांडणात कागद शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

इतिहास थोडा वाचला. ग्लेन ऑर्ची, ग्लेन स्ट्रे, ग्लेन लायन (ग्लेन म्हणजे दरी) हा मॅकग्रेगर कुळाचा मुलूख. जमिनी पिढ्यानपिढ्या कसल्या, पण राजाची सनद मिळाली ग्लेनऑर्चीच्या कॅम्पबेलांना, आणि हे हळूहळू बेघर झाले. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रूइनला त्यांनी कोल्हून कुळाची कत्तल केली. एप्रिलमध्ये सहाव्या जेम्सच्या सरकारने 'मॅकग्रेगर' हे नावच बंद केलं. लावाल तर देहदंड! कुळाचा प्रमुख अलास्डेअर १६०४ साली एडिंबरात फासावर गेला. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये परत आली आणि १७७४ मध्ये कायमची गेली.

आमच्याकडचा सर्वात जुना कागद म्हणजे कॉमरीच्या (पर्थशायर) एका ड्रमंड आजोबांचा १८६१ चा मृत्यूदाखला. वय ६८, धंदा विणकर, वडील जॉन ड्रमंड. त्याच्या मागे सगळा अंधार. बंदी आजोबांच्या जन्माआधीच उठली होती, मग घराण्याने जुनं नाव परत का नाही घेतलं? इथेच नणंदबाईंचा दावा निकालात निघतो का?

रानवारा: नाही निघत. तेव्हा ज्याच्या जमिनीवर राहायचं त्याचं आडनाव लावायचं, अशी रीत होती. ड्रमंड, मरे, ग्रॅहम, स्ट्युअर्ट, ग्रँट, अगदी हाडवैरी कॅम्पबेलसुद्धा. कुळातला प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर याने आईचं कॅम्पबेल लावलं आणि त्याचा मुलगा जेम्स मोर ड्रमंड म्हणून वावरला. बापलेकांची आडनावं वेगळी! १७७४ पर्यंत दोन-तीन पिढ्या ड्रमंड म्हणून जगल्या, खंडपत्रं त्याच नावाने झाली. मग कोण बदलतंय? आपल्याकडे वतनामुळे कुलकर्णी झालेल्यांपैकी किती जण मूळ आडनावाकडे परतले?

पण ताई, उलटंही खरं आहे. ड्रमंड हे स्वतःच मोठं जुनं घराणं, त्यांचा किल्ला क्रीफजवळ, म्हणजे तुमच्या कॉमरीच्या शेजारीच. तिथले बहुतेक ड्रमंड नुसते ड्रमंडच असणार.

जुनी_वही: स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी १८५५ पासून, त्याआधी फक्त चर्चच्या वह्या. दोन्ही स्कॉटलंड्सपीपल या सरकारी वेबसाइटवर मिळतात. मृत्यूदाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव असेल, ते आधी बघा. ड्रमंड ढिगाने सापडतील, पण आईवडिलांची *जोडी* शोधलीत तर गर्दी पातळ होते. मग १७९३ च्या आसपासचा बाप्तिस्मा आणि सगळी भावंडं काढा. एका भावाची नोंद ड्रमंड आणि दुसऱ्याची मॅकग्रेगर, किंवा 'मॅकग्रेगर उर्फ ड्रमंड' असं दिसलं, तर नणंदबाई जिंकल्या. थोरल्याला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवायची पद्धत होती. सगळे पाळत नसत, पण दुवा म्हणून उपयोगी.

चर्चच्या पंचांच्या वह्याही चाळा. कोणाला अनैतिक संबंधावरून जाब विचारला, कोणाला मदत दिली, सगळं त्यात असतं आणि तिथे लोक बोलीतल्या नावाने सापडतात.

खवचट_खान: किल्ट कोणीही कोणताही घालावा, पोलीस येत नाहीत. कुळागणिक टार्टन हे प्रकरण मुख्यतः एकोणिसाव्या शतकातलं, १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरात आला तेव्हा त्याला भरती आली. विणकर आजोबांना हसू आलं असतं. बाकी ग्रेगरची पिल्लं लांब पोचलीत: ॲबर्डीनशायरचा एक ग्रेग बर्गेनला गेला, स्पेलिंग बदललं आणि त्याचा पणतू संगीतकार एडवर्ड ग्रीग. अर्थात ग्रेग आडनावाचा प्रत्येक माणूस त्या कुळातला नव्हे.

धागाकर्ती: आईचं माहेर मॅकनॅब निघालं! नवरा म्हणतो, सरळ डीएनए चाचणी करतो. उपयोग होईल?

जुनी_वही: वाय-डीएनएची चाचणी घ्या, हा डीएनए बापाकडून मुलाकडे जातो. ग्रेगर कुळाचा मोठा प्रकल्प आहे आणि प्रमुखांच्या घराण्याची खूण त्यात ओळखली गेलीये. जुळली तर उत्तमच. नाही जुळली म्हणून दावा खोटा ठरत नाही, कारण कुळात आश्रयाला आलेले, दत्तक, मुलीकडून आलेले असे कितीतरी असत. कागदाचं काम चुकत नाही. कॉमरीत बाप्तिस्मा नाही मिळाला तर क्रीफ, म्यूथिल आणि बाल्क्विडर ही पॅरिशं (चर्चचे विभाग) बघा. बाल्क्विडर आधी, रॉब रॉय तिथेच पुरलाय आणि मॅकग्रेगर त्या भागात दाट होते.