लिटल सायगॉन : आपल्याच कलाकारांविरुद्ध निदर्शनं का?

निळीशाई
कॅलिफोर्नियात वेस्टमिन्स्टरला नोकरी लागल्यापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. इथल्या व्हिएतनामी निर्वासितांच्या वस्तीत, म्हणजे लिटल सायगॉनमध्ये, बोल्सा अ‍ॅव्हेन्यूवर जागोजागी पिवळा, तीन तांबड्या पट्ट्यांचा झेंडा दिसतो. १९७५ साली कम्युनिस्ट उत्तरेने जिंकल्यावर संपलेल्या दक्षिण व्हिएतनामचा. २००९ मध्ये शेजारच्या सांता अ‍ॅनाला व्हिएतनामी अमेरिकन कलाकारांचं प्रदर्शन लागलं. त्यात ब्रायन दोआन यांचा फोटो होता : तांबड्या बनियनवर पिवळा तारा (आजच्या कम्युनिस्ट व्हिएतनामच्या झेंड्यासारखा) असलेली तरुणी, शेजारी कम्युनिस्ट नेता हो चि मिन्हचा छोटा अर्धपुतळा. लोक रस्त्यावर उतरले, फोटोवर लाल रंग उडवला गेला, प्रदर्शन मुदतीआधीच गुंडाळलं. ज्यांनी स्वातंत्र्यासाठी देश सोडला, त्यांनीच हे करावं?

दर्याकाठ
आधी जीव वाचवायला सोडला हो. सुमारे ८ लाख लोक होड्यांतून परमुलखात पोचले. वाटेत बुडालेले वेगळेच. मागे राहिलेले दक्षिणेचे सैनिक नव्या सरकारच्या 'पुनर्शिक्षण' छावण्यांत, म्हणजे तुरुंगांतच, वर्षानुवर्षं खितपत पडले. घर गेलं, राजधानी सायगॉनचं नावही बदलून हो चि मिन्ह सिटी झालं, हाती राहिला तो झेंडा. सायगॉन पडलं तो दिवस, ३० एप्रिल, आला की ही माणसं 'काळा एप्रिल' पाळतात. त्यांना 'पुतळ्याकडे कला म्हणून बघा' असं सांगायला माझी तरी जीभ रेटणार नाही.

कुंचला
दुःख मान्य, पण २००८ चं काय? व्हिएतनामी अमेरिकन कलाकार चाउ हुइन यांनी पाय धुवायचा टब पिवळा रंगवून त्यावर तीन तांबड्या पट्ट्या ओढल्या. सासूबाईंनी नेल सलूनमध्ये लोकांचे पाय घासून घर चालवलं, त्या कष्टांना हा नमस्कार होता. इथल्या व्हिएतनामी दैनिकाने फोटो छापला. झेंड्याचा अपमान म्हणून निदर्शनं झाली, संपादकांची नोकरी गेली. तिकडे व्हिएतनाममध्ये प्रदर्शनाला सरकारी परवाना लागतो, इकडे समाजाचा. कलाकाराने जायचं कुठे?
व्हिएतनामी अमेरिकन कलाकार दिन्ह क्यू. ले लहानपणीच देश सोडून आले. मावशीकडून शिकलेल्या चटईच्या विणीने ते फोटोंच्या पट्ट्या विणायचे. हॉलिवूडच्या दृश्याची एक पट्टी, अनोळखी व्हिएतनामी चेहऱ्याची दुसरी. एक डोळा इकडचा, एक तिकडचा. मला तरी लिटल सायगॉनची माणसं तशीच दिसतात.

निळीशाई
तुमचं वाचून कामावरच्या एका व्हिएतनामी ताईंना टबाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "आई निदर्शनाला गेली म्हणून मीही गेले. घरी येऊन फोटो नीट पाहिला. माझ्या आईनेही वीस वर्षं तसल्याच टबापुढे बसून काढलीत."
आईला तो फोटो त्यांनी अजून दाखवलेला नाही.