मदत हवी आहे: दहावीच्या इंग्रजीची उजळणी नेमकी कशी करून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मुलगा भांडुपला मराठी माध्यमात दहावीला आहे, एसएससी बोर्ड. गणिताची चिंता नाही, गाडी अडलीय ती इंग्रजीवर. लेखी पेपर 80 गुणांचा, वेळ 3 तास. उरलेले 20 गुण शाळेकडे.

उजळणी म्हणजे त्याच्या लेखी गाईड उघडून पिवळा हायलायटर फिरवणं. पानं हळद लावल्यासारखी झालीत! परवा मी वही मिटली आणि म्हटलं, कवितेचं रसग्रहण न बघता लिही. कवीचं नाव लिहिलं, यमक लिहिलं आणि पेन चावत बसला. वाचलेलं ओळखीचं वाटतं, पण आठवून लिहिता येत नाही, असं माझं निदान.

धड्यावरचे प्रश्न तो घोकंपट्टीवर काढतो. पण न पाहिलेला उतारा आला की आधी उतारा वाचतो, मग प्रश्न, मग पुन्हा उतारा, यातच अर्धा तास जातो. पत्रात मायना बरोबर, मजकुरात मात्र ‘ही गो’, ‘शी हॅव’. त्याच चुका दर वेळी. चुकांची वेगळी वही घालायचा विचार आहे. कुणी करून पाहिलंय का?

मी साडेआठला घरी पोचते, त्यामुळे हाताशी रोजचा जेमतेम पाऊण तास. त्यात एकच प्रकार आठवडाभर घ्यावा, की रोज थोडं व्याकरण, थोडं लेखन? आणि घड्याळ लावून पूर्ण पेपर कधीपासून सोडवून घेतलेत? क्लास सुचवू नका प्लीज, एक लावून सोडलाय.